निळ्या गाडीला दोन बोटं

हेल्विक, नॉर्थ डकोटा
९ सप्टेंबर २०१६

प्रिय अर्लिसताई,

आधी खुर्चीत बस. बसलीस? मी मोठी पिकअप विकली.

हो, तीच निळी. आणि तिच्या जागी मधल्या आकाराची, करड्या रंगाची एक घेतली. आता तू ओरडशील. तुला कमी ऐकू यायला लागल्यापासून तू इतकी मोठ्यानं बोलतेस, की ॲरिझोनातून ओरडलीस तरी इथं कळेल. फोनवर तर तुझ्याशी बोलायची सोयच राहिली नाही. मी म्हणायचं ‘गाईला वासरू झालं’ आणि तू विचारायचंस ‘कोणाचं लग्न?’ त्यापेक्षा हे कागद बरे.

कारणं ऐक. गाई गेल्या वर्षीच गेल्या. जमीन शेजारच्या हार्लनला कसायला दिली. ओढायला ट्रेलर नाही, हौद्यात टाकायला चाऱ्याचे गठ्ठे नाहीत. एवढं मोठं धूड घेऊन मी काय करतो, तर गावातून पाव आणि अंडी आणतो. त्यात हा माझा खुबा. गेल्या महिन्यात धान्याच्या कोठारापाशी मला गाडीत चढताच येईना. एक पाय वर, एक खाली, असा लटकलो. शेवटी हार्लननं मागून खांदा लावून मला आत ढकललं, पोतं ढकलावं तसं. सगळे बघत होते. त्या दिवशीच ठरवलं, पुरे झालं. नवीन गाडीत कसं, दार उघडायचं आणि नुसतं टेकायचं.

एल्डाच्या कॅफेत अर्थातच माझी खिल्ली उडाली. हार्लन दारातच म्हणाला, “काय रे, हिला अजून बाटलीनं दूध पाजतोस की चारा खायला लागली?” एल्डा आतून ओरडली, “मोठी झाली की परत घेऊन ये हो!” मीही हसलो. न हसून सांगतो कोणाला.

निळी एका बाईला दिली. शॉना नाव. वायोमिंगहून आलीय, चाळिशी ओलांडलेली, एकटीच. माझ्या वरच्या अंगाला ऑस्टबींचं रिकामं घर तिनं भाड्यानं घेतलंय. तिच्याकडे दोन घोड्या आहेत, त्यांचा ट्रेलर ओढायला तिला दांडगी गाडी हवी होती. म्हणजे गाडी रोज माझ्याच दारावरून जाणार.

एकच गोष्ट सांगतो आणि मग थांबतो. निळीत पुढं एकच लांब सीट होती, बाकासारखी. कोरीन कधी खिडकीशी बसली नाही. पलीकडे एवढी जागा मोकळी असताना मध्ये सरकून माझ्या खांद्याला खांदा लावून बसायची. म्हातारपणीसुद्धा. ती गेल्यावर मी ती जागा कशालाही वापरली नाही, पिशवीसुद्धा ठेवली नाही. नवीन गाडीत दोन वेगळ्या खुर्च्या आहेत आणि मध्ये एक डबा, कॉफीचे पेले ठेवायला. तिथं कोणाला बसताच येत नाही. चांगलंच आहे म्हणा.

तुझा,
डेल्मर

*

मेसा, ॲरिझोना
१७ सप्टेंबर २०१६

डेल्मर,

शाब्बास! जन्मात पहिल्यांदा शहाणपणाचं काही केलंस. आता त्याच झटक्यात घरही लहान कर आणि इकडं ये. माझ्या शेजारची जागा रिकामी होणार आहे. इथं थंडी नाही, बर्फ नाही, सगळे म्हातारे बनियनवर हिंडतात. ओचोआबाई, माझी शेजारीण, तुला तिखट खायला शिकवेल.

त्या डब्याचं काय एवढं? कॉफी ठेव त्यात. कोरीनची आठवण सीटवर नसते वेड्या, आणि असली तरी ती सीट आता घोडेवालीची झाली. रडत बसू नकोस.

ही शॉना दिसायला कशी आहे, ते लिहिलं नाहीस.

या वर्षीचे लेफ्से विसरू नकोस. इथं बटाटे मिळतात, पण आईच्या हातासारखी पातळ बटाट्याची पोळी लाटणारा या देशात आता तू एकटाच उरलास. थँक्सगिव्हिंगच्या आत पाठव.

अर्लिस

*

हेल्विक
४ ऑक्टोबर २०१६

प्रिय ताई,

शॉना दिसायला उंच आहे आणि तिच्या अंगाला घोड्याचा वास येतो. झालं समाधान?

आता माझं ऐक आणि हसू नकोस. मला रस्त्यावर कोणी हात करत नाही.

तुला आठवतं ना बाबांचं? पंजा स्टिअरिंगवरच, फक्त दोन बोटं वर. समोरून येणाराही तसंच करणार. बोलणं नाही, थांबणं नाही. पूर्ण पंजा वर केला तर ‘थांब, काहीतरी झालंय’. जन्मभर मी या रस्त्यांवर दोन बोटं उचलली आणि माझ्यासाठी उचलली गेली. कोरीन गेल्यावर तर कित्येक दिवस असे जायचे की माणसांशी माझा तेवढाच संबंध. सकाळी गावात जाताना सहा-सात जण, येताना तेवढेच. घरी आलो की वाटायचं, चला, आज लोकांत जाऊन आलो.

आता झालंय असं, की पवनचक्क्यांच्या कंपनीची माणसं सगळी असल्याच करड्या, मधल्या आकाराच्या गाड्यांतून हिंडतात. ती बोटं उचलत नाहीत, म्हणून त्यांना कोणी उचलत नाही. मी लांबून दिसलो की लोकांना वाटतं, आला कंपनीवाला. सरळ पुढं बघत निघून जातात. मी बोटं उचलून बसलेला, आणि ते धूळ उडवत पार. हार्लनसुद्धा! कॅफेत त्याला म्हटलं, तर कपाळावर हात मारून घेतला. “अरे, तू होतास होय! उद्यापासून बघतो.” दुसऱ्या दिवशी परत तेच. त्याला माहीत असून उपयोग नाही, त्याच्या डोळ्यांना माहीत नाही.

आणि खरी मजा पुढंच आहे. परवा शॉना फाटकाशी थांबली. म्हणते, “काका, मी खूप ठिकाणी राहिले, पण इतकी प्रेमळ माणसं कुठं पाहिली नाहीत. पहिल्या दिवसापासून सगळे मला हात करतात! मी एकदा तर रडलेच.” मी म्हटलं, हो, आपल्याकडची माणसं चांगलीच आहेत.

काल ती समोरून आली. माझी निळी मला समोरून येताना दिसली आणि माझी बोटं आपोआप वर गेली. एक क्षण मला वाटलं, आत मी आहे आणि शेजारी कोरीन. मग ती निघून गेली आणि मी कितीतरी वेळ गाडी कडेला लावून बसलो. मला फार एकटं वाटलं, ताई. तुला नाही सांगणार तर कोणाला?

डेल्मर

*

मेसा
१२ ऑक्टोबर २०१६

डेल्मर,

हसले. माफ कर, पण पोटभर हसले. माणूस बहात्तर वर्षांचा झाला आणि बोटं मोजत बसलाय! इथं माझ्या घराच्या ओळीतली तीन माणसं या उन्हाळ्यात गेली. त्यांच्यापुढं तुझं हे दुःख म्हणजे काय रे?

गाडीवर मोठ्या अक्षरांत ‘मी डेल्मर आहे’ असं रंगवून घे. नाही तर कॅफेत जाऊन बस, तिथं तरी गाडीची ओळख लागत नाही. आणि त्या बिचारीला खरं सांगू नकोस. असू दे तिला आनंद.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. कान गेले, निदान डोळे तरी राहू देत.

लेफ्से!

अर्लिस

*

हेल्विक
६ नोव्हेंबर २०१६

ताई,

डोळा बरा असेल. इथं सगळं ठीक. थोडा खोकला आहे, पण तो दरवर्षीचाच. पहिला बर्फ पडून गेला. कॅफेत हल्ली जात नाही, कॉफी घरी चांगली होते. तू म्हणालीस ते खरंच आहे, क्षुल्लक गोष्ट होती. बाकी काही विशेष नाही.

डेल्मर

*

मेसा
२८ नोव्हेंबर २०१६

डेल्मर,

हे काय पत्र म्हणायचं? तुझं मागचं पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं. तेव्हापासून एक अक्षर नाही. थँक्सगिव्हिंग होऊन गेला, लेफ्से नाहीत. मी ओचोआबाईला चढवून ठेवलं होतं की माझा भाऊ जगातली सर्वांत पातळ पोळी लाटतो. ती बिचारी लोणी काढून बसली होती.

रुसलास का? मी हसले म्हणून? अरे, मी तुझी बहीण आहे, तुझ्यावर नाही हसणार तर कोणावर? दोन ओळी लिही. खोकला कसा आहे ते लिही.

अर्लिस

*

मेसा
५ डिसेंबर २०१६

डेल्मर,

मी भयंकर चिडले आहे, हे आधीच सांगते.

आठवडाभर माझ्या जिवाला घोर. शेवटी आज ओचोआबाईला तुझ्या घरी फोन लावायला लावला. नुसता वाजत राहिला. तू शेडमध्ये बसलेला असशील, नेहमीप्रमाणे. मग तिनं हार्लनला लावला. तो काय म्हणाला ते तिनं मला कागदावर लिहून दिलं, समोर आहे: ‘काळजी करू नका. रोज सकाळी दिसतो. आजच कोठारापाशी भेट झाली, मी बोटं उचलली, त्यानंही उचलली. ठणठणीत आहे.’

वा! म्हणजे साहेब रोज गावभर हिंडतात, लोकांना बोटं उचलून दाखवतात, आणि बहिरी बहीण इकडं देवापाशी प्रार्थना करत बसलीय! एवढी रडगाणी गायलीस की कोणी हात करत नाही म्हणून. आता करतात ना? मग लिहायला काय धाड भरली?

मी आता लिहिणार नाही. तुझं आलं तरच.

अर्लिस

*

हेल्विक
११ डिसेंबर २०१६

अर्लिसताई,

मी हार्लन. मला पत्र लिहायची सवय नाही. बायको म्हणाली, फोनवर दुसऱ्या बाईच्या तोंडून सांगण्यासारखं हे नाही, तू स्वतः लिही. म्हणून लिहितो.

डेल्मर जिवंत आहे. तेवढं आधी वाचा आणि मग पुढचं.

तुमच्या ओचोआबाईंनी सहा तारखेला सकाळी परत फोन केला. मी जरा वैतागलोच. म्हटलं, बाई, काल सांगितलं ना, तो बरा आहे, आत्ता अर्ध्या तासापूर्वीच समोरून गेला. तर त्या म्हणाल्या, “अर्लिस फक्त एकच विचारतेय. गाडी कुठल्या रंगाची होती?”

मी म्हटलं, “निळी.” आणि म्हणता म्हणताच मला कळलं, ती गाडी आता त्याची नाही.

मला माहीत होतं हो! मीच कॅफेत त्याची चेष्टा केली होती, दूध पाजतोस का म्हणून. त्या बाईलाही मी ओळखतो, तिच्या पेंढ्याचे गठ्ठे मीच पोचवले. पण एवढी वर्षं ती निळी गाडी म्हणजे डेल्मर. ती लांबून आली की बोटं वर आणि मनात ‘चला, डेल्मर ठीक आहे’. आत कोण आहे हे बघायला डोळे जातच नाहीत. मी एकटा नाही. एल्डाला विचारलं, कोठारावरच्या माणसांना विचारलं. सगळे म्हणाले, डेल्मर ना, सकाळीच पाहिला. सगळ्यांनी पाहिला. आणि तो इकडं कितीतरी दिवस तापानं घरात पडून.

मी कोट न घालता धावलो. त्याचं घर झाडांच्या आड, रस्त्यावरून अंगण दिसत नाही. अंगणात ती करडी गाडी, वर बर्फ साचलेला, आणि आत हा. आदल्या दिवशी दुपारी दवाखान्यात जायला म्हणून निघाला, तर गाडीपाशी बर्फावरून घसरला. खुबा मोडला. तसाच सरपटत गाडीच्या दारापर्यंत गेला आणि हातांनी ओढून स्वतःला आत घेतलं. आपल्याकडे किल्ली गाडीतच असते म्हणून वाचला. टाकी रिकामी होईपर्यंत हीटर चालला. हॉर्न वाजवत होता म्हणे, पण वारा उलटा होता.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर संपलंच होतं. आणि मी सारखा एकाच गोष्टीचा विचार करतो. जुन्या गाडीत त्याला मोडका खुबा घेऊन चढताच आलं नसतं. दोन पायांवर उभा होता तेव्हाच चढत नव्हता. तो बाहेरच गोठला असता. पण जुनी गाडी असती तर ती दिसत नाही म्हणून आम्ही दुसऱ्याच दिवशी दार ठोठावलं असतं. आता याचं काय करायचं सांगा.

तुम्ही इतक्या लांबून ओळखलंत. माझं घर त्याच्या बांधाला लागून. मला लाज वाटते.

हार्लन

*

मेसा
१८ डिसेंबर २०१६

माझ्या बाळा,

पाच तारखेचं एक पत्र तुझ्या पेटीत पडलेलं असेल. ते वाचू नकोस. हार्लनला सांग, चुलीत घाल. वाचलं असलंस तर तुझी बहीण मूर्ख आहे असं समज आणि सोडून दे.

ते पोस्टात टाकून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेताना तुझं ऑक्टोबरचं पत्र काढलं. भांडायला, खरं सांगते. ‘बघ, तूच म्हणाला होतास’ असं तोंडावर फेकायला. आणि ते वाचत गेले. ‘त्याला माहीत असून उपयोग नाही, त्याच्या डोळ्यांना माहीत नाही.’ तिथं मी कॉफी तशीच सोडली. मी अंगावरच्या गाऊनवर ओचोआबाईच्या दारात गेले.

तुझ्या त्या बोटांवर मी हसले. मला काय कळलं होतं? इथं सकाळी दार उघडलं की दहा जण दिसतात, मी ऐकत नसले तरी ते बोलतात. तू तिथं त्या सपाट मैदानात एकटा, आणि दिवसाकाठी मिळणारी तेवढी दोन बोटंही गेली तेव्हा तू मला सांगितलंस. मी म्हटलं, क्षुल्लक. आणि तूही म्हटलंस, क्षुल्लक. डेल्मर, माझं ऐकून असं कधी पुन्हा लिहू नकोस.

जेव. नर्सशी भांडू नकोस. लेफ्सेचं नाव काढलंस तर मारीन.

तुझी,
अर्लिस

*

हेल्विक
२ एप्रिल २०१७

प्रिय ताई,

घरी आलो. खुब्यात लोखंड, हातात काठी. गाडी चालवायची परवानगी मिळाली. डॉक्टरांनी खिडकीतून माझी गाडी पाहिली आणि म्हणाले, हीच ना, मग चालवा.

तुझं पाच डिसेंबरचं पत्र मी वाचलं. जाळलं नाही. छान शिव्या आहेत, ठेवून दिलंय.

आता रस्त्यावर माझी काय ऐट आहे म्हणून सांगू! करडी गाडी दिसली की दोन बोटं नाही, अख्खे पंजे वर होतात. हार्लन तर गाडीच थांबवतो, काच खाली करतो, “बरा आहेस ना?” दिवसातून दोनदा. परवा मी म्हटलं, “मेल्या, आता तरी मला गावात पोचू दे.” गंमत म्हणजे कंपनीवाल्यांच्या करड्या गाड्यांनाही लोक हात करायला लागलेत. चूक व्हायला नको म्हणून. ती पोरं गोंधळून गेलीत, पण आता उलट हात करतात.

तुला वाटेल, चला, सुखी झाला डेल्मर. मलाही तसंच वाटलं होतं. मग मंगळवारी शॉना आली.

ती मला दर आठवड्याला दवाखान्यात भेटायला यायची, हे मी तुला लिहिलं नाही, कारण तू लगेच चौकशा केल्या असत्यास. फार बोलत नाही. बसते, घोड्यांचं सांगते, जाते. मंगळवारी दारातच उभी राहिली, आत येईना. हातमोजे पिळत म्हणाली, “काका, माझं काही चुकलं का? मला आता कोणी हात करत नाही. समोरून येतात आणि खाली बघतात. आधी सगळे करायचे.”

काय झालंय ते मला लगेच कळलं. निळी दिसली की त्यांना आपली चूक आठवते. आत कोण आहे ते आता नीट बघतात, मी नाही हे कळतं, आणि शरमेनं मान खाली. त्या बाईचं यात काय पाप? पण तिला कसं सांगू, की बाई, ते हात तुला नव्हतेच? पहिल्या दिवशी तू ज्याच्यासाठी रडलीस ते दुसऱ्याचं होतं?

नाही सांगितलं. तू म्हणाली होतीस, असू दे तिला आनंद. म्हटलं, “शॉना, मला कॅफेत जायचंय आणि आज खुबा दुखतोय. तुझ्या गाडीतून नेतेस का?”

तिनं मला वर चढवलं. हार्लनसारखंच, खांदा लावून. मी खिडकीशी बसलो आणि मग आत सरकलो. मध्ये. कोरीनच्या जागेवर. शॉनानं माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. तिथं मी कधी बसलोच नव्हतो, ताई. त्या जागेवरून समोरचा रस्ता दिसतो आणि शेजारी चालवणाऱ्याचा हात दिसतो, स्टिअरिंगवरचा. कोरीनला एवढी वर्षं माझा हात दिसत असणार. माझे डोळे भरून आले. शॉनानं हीटर वाढवला.

कोठाराच्या वळणावर समोरून हार्लन. त्याची बोटं सवयीनं वर आली. मग त्यानं शॉनाला पाहिलं आणि ती खाली जायला लागली. मग तिच्या शेजारी मी दिसलो. त्यानं बोटं तशीच अर्धवट धरून ठेवली, आणि शेवटी पूर्ण पंजा वर केला.

शॉनानं दोन बोटं उचलली. थोड्या वेळानं विचारलं, “हा तुम्हाला होता की मला?”

“गाडी कोणाची आहे?” मी म्हटलं.

“माझी.”

“मग.”

कॅफेत मी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि एकेकाला नावानिशी ओळख करून दिली. एल्डानं तिच्यापुढं ॲपल-पायची बशी ठेवली, माझ्याकडे न बघता. पण सवय लागायला वेळ लागेल, डोळ्यांना तर फारच. म्हणून मी एक ठरवलंय. ती सकाळी गावात जायला निघते, तेव्हा मी माझी छोटी गाडी घेऊन फाटकाशी जातो आणि थांबतो. कालही गेलो, आजही. मधल्या डब्यात तुझी पत्रं ठेवतो, ती येईपर्यंत एखादं वाचतो. मग लांबून निळी दिसते. आत कोण आहे ते नीट बघून घेतो, आणि मग दोन बोटं उचलतो.

शरद ऋतूत लेफ्से नक्की. पण यंदा दोन घरच्या वाट्याचे लाटायचेत, तुझ्या आणि शॉनाच्या.

तुझा,
डेल्मर